राजारामपुरीतली ध्वनिमुद्रणाची खोली : एका पाहुण्या समीक्षकाचा अनुभव

गेल्या आठ महिन्यांत राजारामपुरीतल्या एका भाड्याच्या पॉडकास्ट स्टुडिओत मी अकरा वेळा बसले आणि त्या अनुभवाच्या आधारावर हे लिहीत आहे. स्टुडिओचे नाव मुद्दाम देत नाही, कारण मला एका जागेची जाहिरात करायची नाही. कोल्हापुरात राहून चित्रपटांविषयी लिहिणाऱ्या आणि मुंबई-पुण्याच्या पॉडकास्टवर पाहुणे म्हणून बोलणाऱ्या माझ्यासारख्या स्वतंत्र समीक्षकाला अशा जागेत काय मिळते आणि काय मिळत नाही, एवढेच सांगायचे आहे.

या खोलीपर्यंत मला एका शब्दाने आणले. मागच्या वर्षी एका पॉडकास्टवर एका नव्या मराठी चित्रपटाविषयी बोलताना मी म्हणाले होते, ‘दिग्दर्शकाने शेवट गुंडाळला आहे असे मला वाटत नाही.’ मी मंगळवार पेठेतल्या घरी, लॅपटॉपच्याच मायक्रोफोनवर बोलत होते. ध्वनिमुद्रण कॉलवरूनच होत होते आणि कॉलमधली गोंगाट गाळण्याची सोय सुरू होती. ही सोय पंख्याची घरघर गाळते, तसाच वाक्याच्या अखेरीस उतरलेला हळू आवाजही कित्येकदा गिळून टाकते. भाग प्रसारित झाला तेव्हा माझे वाक्य ‘वाटत’पाशीच संपले होते. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो आणि आपण सगळे शेवटाला आवाज खाली आणतो. त्यामुळे जे गिळले गेले ते नेमके माझे मत होते. ज्या चित्रपटाची बाजू घेण्यासाठी मी बोलत होते, त्याच चित्रपटावर मी टीका केली असा ऐकणाऱ्यांचा समज झाला. लेखात चूक झाली असती तर दुरुस्ती छापून आणता आली असती, पण दुसऱ्याच्या कार्यक्रमातल्या पाहुण्याला तशी सोय नसते.

या स्टुडिओत ती अडचण मुळापासून सुटते. यजमानाचा आवाज इंटरनेटवरून माझ्या हेडफोनमध्ये येतो, पण माझा आवाज इथल्याच यंत्रावर, कोणतीही गाळणी न लावता, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटच्या वेव्ह फाइलमध्ये स्वतंत्रपणे मुद्रित होतो. तासाभराची एकेरी (मोनो) फाइल सुमारे ५१८ मेगाबाइटची होते. संभाषण संपल्यावर ती यजमानाकडे पाठवली जाते आणि संकलन करताना दोन्ही आवाज जुळवले जातात. मधे इंटरनेट अडखळले तरी मुद्रित आवाजाला धक्का लागत नाही. पहिल्या खेपेला ऐकलेल्या फाइलमध्ये माझे सगळे ‘नाही’, ‘नसावे’ आणि ‘होते’ जागेवर होते. त्या एका गोष्टीसाठी मी इथे पुन्हा पुन्हा येते.

खोली साधारण दहा बाय बारा फुटांची आहे. बऱ्याच ठिकाणी भिंतींना पातळ फोम चिकटवून काम भागवले जाते. असा फोम आवाजातला वरचा, टोकदार भाग शोषतो आणि खालचा घुमणारा भाग तसाच ठेवतो, म्हणून बोलणारा माणूस पिंपात बसल्यासारखा वाटतो. इथे कापडाआड खनिज लोकरीचे जाड फलक आहेत, फलक आणि भिंतीमध्ये थोडी पोकळी सोडली आहे, जमिनीवर जाजम आहे आणि दाराला रबराची पट्टी आहे. पेठेतल्या फुटबॉल संघाने शाहू स्टेडियमवर सामना जिंकला की आमच्या गल्लीत फटाके आणि हलगी रात्री उशिरापर्यंत चालतात. तो आनंद मलाही हवा असतो, पण समीक्षा सांगताना नको असतो. या खोलीत रस्त्यावरून जाणारी दुचाकी ऐकू येत नाही. मालवाहू गाडी गेली तर तिची हलकी थरथर मात्र जाणवते.

मायक्रोफोन डायनॅमिक जातीचा आहे आणि ही निवड मला फार योग्य वाटते. कंडेन्सर मायक्रोफोनला ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो आणि तो खोलीतला बारीकसारीक आवाजही टिपतो. डायनॅमिक मायक्रोफोन समोरच्या, जवळच्या आवाजावर भर देतो. इथले ध्वनितंत्रज्ञ वयाने माझ्याहून बरेच लहान आहेत, पण त्यांचा कान तयार आहे. पहिल्याच दिवशी त्यांनी मला थांबवले आणि म्हणाले, ‘ताई, तुमच्या विषयातली नावंच अवघड आहेत.’ खरेच आहे. कोल्हापूरच्या चित्रपटांविषयी बोलायचे म्हणजे प्रभात, फत्तेलाल, भालजी पेंढारकर, बाबूराव पेंटर ही नावे घ्यावीच लागतात, आणि प, फ, ब, भ यांच्या उच्चारात ओठांतून सुटणारा वारा थेट मायक्रोफोनवर आदळला की आवाज फुटतो. त्यांनी मायक्रोफोन तोंडासमोरून बाजूला घेतला, ओठांच्या कोपऱ्याकडे रोखला, दीड मुठीचे अंतर ठेवले आणि मला ती सगळी नावे दहा-दहा वेळा म्हणायला लावली. बोलण्याच्या भरात माझा आवाज एकदम चढतो हे लक्षात आल्यावर त्यांनी तोच आवाज दहा डेसिबल खाली दुसऱ्या मार्गिकेवर (ट्रॅकवर) मुद्रित करायला सुरुवात केली. मूळ मार्गिकेत आवाज फाटलाच, तर तेवढा तुकडा दुसरीतून घेता येतो. ही काळजी मी मागितली नव्हती आणि तिचे वेगळे पैसेही लावले गेले नाहीत.

याच खोलीतून मी एकदा पाऊण तास ‘प्रभात’विषयी बोलले. १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात सुरू झालेली ही कंपनी १९३३ मध्ये पुण्याला गेली. त्याआधी, १९३२ मध्ये, ‘अयोध्येचा राजा’ हा तिचा पहिला बोलपट इथेच घडला. तेव्हा पार्श्वगायन रूढ झाले नव्हते, त्यामुळे गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे यांना अभिनय करता करता स्वतःच गावे लागले आणि कॅमेऱ्याबरोबर मायक्रोफोनही सांभाळावा लागला. हे सांगताना मध्येच मला थोडे थांबावेसे वाटले, आणि तो दोन सेकंदांचा विराम फाइलमध्ये जसाच्या तसा राहिला. घरून बोलत असते तर संपर्क तुटला असे समजून यजमानाने मध्येच पुढचा प्रश्न विचारला असता. चित्रपटाविषयी बोलण्यात अशा थांबण्याला अर्थ असतो, विशेषतः मूकपटांतल्या एखाद्या प्रसंगाचे वर्णन करताना, जिथे ऐकणाऱ्याला दृश्य डोळ्यांसमोर आणायला क्षणभर वेळ द्यावा लागतो.

आता उणिवा. ध्वनिमुद्रण सुरू असताना वातानुकूलन यंत्र बंद ठेवावे लागते, कारण त्याची घरघर फाइलमध्ये येते. एप्रिलमध्ये वीस मिनिटांनी खोली इतकी तापली की दर थोड्या वेळाने थांबावे लागले, आणि थांबण्याचा वेळ भाड्यातच मोजला गेला. भाडे तासाला सहाशे रुपये आहे. त्यात उपकरणे लावण्याची दहा-पंधरा मिनिटेही धरली जातात, म्हणून पाऊण तासाचे संभाषणही तासापलीकडे जाते आणि प्रत्यक्षात दोन तासांचे पैसे द्यावे लागतात. हे मला अन्यायाचे वाटते आणि मी तसे मालकांना सांगितले आहे. चित्रीकरणासह दर चौदाशे रुपये आहे. रंगीत दिव्यांच्या भिंतीसमोर बसण्याचा आग्रह प्रत्येक वेळी होतो, पण निव्वळ आवाजाच्या कार्यक्रमासाठी त्याची काहीच गरज नाही. हेडफोनच्या गाद्या झिजल्या आहेत. त्यांतून यजमानाचा आवाज बाहेर झिरपतो आणि माझ्या मायक्रोफोनमध्ये शिरतो, त्यामुळे एकदा संकलकाला बरेच कष्ट पडले. ज्या जागेने भिंतींवर एवढा खर्च केला आहे, तिने हेडफोनवर काटकसर करू नये.

पैशांचा मुद्दा इथेच मांडायला हवा, कारण या सेवेचे मोल त्याशिवाय ठरवता येत नाही. पॉडकास्टवरच्या पाहुण्याला सहसा मानधन मिळत नाही. मुंबईत होणारे पत्रकारांसाठीचे खास खेळ आम्हाला गाठता येत नाहीत, म्हणून शुक्रवारचा पहिला खेळ मी स्वतःच्या तिकिटावर पाहते, रात्री टिपणे काढते आणि शनिवारी बोलते. त्यात बाराशे रुपये भाडे घातले, तर बोलण्यासाठी मीच पैसे मोजते असे होते. पहिल्या चार वेळा मी ते मोजले. त्यानंतर निमंत्रण आले की होकार देण्याआधी भाड्याचा प्रश्न विचारू लागले. पाच यजमानांपैकी तिघांनी भाडे लगेच कबूल केले, एकाने अर्धे दिले आणि एकाने दुसरा पाहुणा शोधला. विचारायला संकोच वाटतो, पण नीट मुद्रित झालेली फाइल यजमानाच्याच कार्यक्रमाचा दर्जा वाढवते, तेव्हा हा खर्च एकट्या पाहुण्याचा नाही असे माझे स्पष्ट मत आहे.

दोघे समोरासमोर बसून बोलणार असतील तर ही खोली मी सुचवणार नाही. टेबल लहान आहे आणि एकाचा आवाज दुसऱ्याच्या मायक्रोफोनमध्ये येतो. दूरच्या यजमानाशी एकट्याने बोलायचे असेल तर मात्र कोल्हापुरात मी पाहिलेल्या तीन जागांमध्ये ही सर्वांत चांगली आहे. शनिवार संध्याकाळची वेळ हवी असल्यास मंगळवारपर्यंत कळवावे लागते. वीज गेली तर बॅटरीवर साधारण चाळीस मिनिटे काम चालते, हे मी एकदा प्रत्यक्ष अनुभवले आहे. जागा दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. हेडफोन स्वतःचा न्यावा, आणि निघण्यापूर्वी तंत्रज्ञांना शेवटचे एक मिनिट ऐकवायला सांगावे. ते आनंदाने ऐकवतात.