अकरा महिने वापरलं, भांडण फक्त तारखेवरून

बाबांचे रिपोर्ट ज्या ॲपमध्ये ठेवतो, त्याची वर्गणी पुन्हा भरण्याची आठवण काल आली, म्हणून लिहायला बसलो. स्कॅन करा, क्लाउडवर चढवा, डॉक्टरांना लिंक पाठवा, हे या जातीची सगळीच ॲप करतात. ते सांगत बसत नाही.

पहिल्याच रविवारी दोन जाडजूड फायली रिकाम्या केल्या. एकूण १६३ कागद. संध्याकाळपर्यंत सगळं फोनमध्ये, आणि मी स्वतःवरच खूश. ती खुशी सहा महिने टिकली, कारण सहा महिने काही शोधायची वेळच आली नाही.

सातव्या महिन्यात एका रात्री बाबांना इमर्जन्सीत न्यावं लागलं. कॉन्ट्रास्ट, म्हणजे आतलं नीट दिसावं म्हणून देतात ते औषध, देऊन सीटी स्कॅन करायचा होता. कॉन्ट्रास्ट किडनीला जड जाऊ शकतो, म्हणून ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी एकच विचारलं, "आज क्रिएटिनिन १.६ आलंय. आधी किती असायचं?" क्रिएटिनिन म्हणजे किडनी कशी चालतेय ते सांगणारा रक्तातला आकडा, त्यामुळे प्रश्न बरोबरच होता. जुनंच १.६ असेल तर गोष्ट वेगळी, १.१ वरून चढलं असेल तर वेगळी. मी रुबाबात ॲप उघडलं. क्रिएटिनिनचे नऊ रिपोर्ट समोर, आणि नऊच्या नऊ रिपोर्टांवर तारीख एकच. तो रविवार!

म्हणजे मी कागद चढवला तो दिवस हीच ॲपच्या लेखी तपासणीची तारीख. २०१७चा रिपोर्ट आणि गेल्या वर्षीचा शेजारी शेजारी. एकेक उघडायचा, बोटांनी मोठा करायचा, कोपऱ्यातली बारीक तारीख वाचायची. डॉक्टर थोडा वेळ थांबले, मग पुढच्या पेशंटकडे गेले. त्यांची काय चूक?

लॅबच्या रिपोर्टवर मुळात तीन तारखा असू शकतात: रक्त घेतलं ती, नमुना लॅबमध्ये पोचला ती आणि रिपोर्ट निघाला ती. डॉक्टरांच्या कामाची पहिली. हॉस्पिटलांच्या संगणकांनी एकमेकांशी बोलावं म्हणून फायर नावाचं मानक आहे. त्यातही तपासणी लागू होते ती वेळ आणि निकाल दिला ती वेळ यांना वेगळे रकाने आहेत. आमच्या ॲपनं या सगळ्या सोडून चौथी निवडली, मला सवड मिळाली ती.

कस्टमर केअरला लिहिलं. उत्तर आलं, "फाइलच्या नावात तारीख लिहावी." मग वर्गणी कशाची घेता? नाव देणं तर मला फुकटातही जमतं.

आलेखाचीही तीच तऱ्हा. एका लॅबचं क्रिएटिनिन मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये, दुसरीचं मायक्रोमोल प्रति लिटरमध्ये. पहिल्या आकड्याला ८८.४ नं गुणलं की दुसरा येतो, त्यामुळे १.२ आणि १०६ ही एकच गोष्ट. ॲपनं दोन्ही एकाच रेघेवर मांडले. मधला सुळका बघून माझ्याच पोटात गोळा आला होता.

इथवर वाचून ॲप काढून टाकणार असाल तर जरा थांबा. त्याच मुक्कामात घरी सोडताना नवी औषधं लिहून दिली. ती यादीत भरली तर ॲपनं लाल खूण केली: रक्तदाबाच्या दोन गोळ्या, ब्रँड वेगळे, आतलं औषध एकच. एक जुन्या डॉक्टरांची, एक नवी. डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी लगेच एक खोडली. त्या दिवशी तारखेचा राग निम्मा उतरला, हे कबूल करतो.

दुसरा उपकार नकळत झाला. जुना ईसीजी थर्मल कागदावर होता. मी जपून प्लॅस्टिकच्या खिशात ठेवला होता, आणि नेमकं काही प्लॅस्टिकमुळे तो कागद लवकर पुसट होतो म्हणे. परवा काढला तर रेषा जवळपास गायब. स्कॅनमध्ये मात्र ठसठशीत. एमआरआयची सीडी काही हे ॲप घेत नाही, ती कपाटातच आहे. फिल्मचा फोटो काढून भागेल असं वाटलं होतं, पण डॉक्टरांनी तो बघितलाही नाही.

ताजी बातमी: गेल्या आठवड्याच्या अपडेटमध्ये 'तपासणीची तारीख' हा रकाना आला! पण कागद एकेकच उघडायचा, तारीख टाकायची, सेव्ह करायचं, आणि यादी दर वेळी पुन्हा वरून सुरू. ४१ झाले, १२२ उरलेत.

दरम्यान लॅपटॉपवर साधं फोल्डर केलंय. नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, पुढे तपासणी. सगळं आपोआप ओळीत लागतं, आणि त्याची वर्गणी नाही. औषधांच्या यादीसाठी ॲप ठेवीन बहुतेक, पण वर्षाची वर्गणी भरणार नाही. महिन्याची भरतो, १२२ संपेपर्यंत.