ब्लेड रनर २०४९ : मूळ चित्रपटाच्या पुढे गेलेला सीक्वेल

१९८२चा ‘ब्लेड रनर’ आणि २०१७चा ‘ब्लेड रनर २०४९’ यांच्यामध्ये ३५ वर्षं गेली. एवढ्या काळाने येणारे सीक्वेल बहुतेक वेळा जुन्या प्रेक्षकांच्या आठवणींवर दिवस काढतात. हा तसा नाही. रिडली स्कॉटने उभं केलेलं पावसात भिजलेलं लॉस एंजेलिस डेनी व्हिलनव्हने घेतलं, पण कथेतला प्रश्न उलटा केला. हा चित्रपट मूळ चित्रपटापेक्षा सरस ठरतो तो त्यामुळेच.

हे नीट कळायला दोन्ही चित्रपटांतल्या चाचण्या शेजारी ठेवून पाहाव्यात. जुन्या चित्रपटात व्हॉइट-काम्फ चाचणी आहे. समोरच्याला अस्वस्थ करणारे प्रश्न विचारायचे आणि त्याच्या डोळ्यांत काय हालचाल होते ते यंत्रातून बघायचं. रेप्लिकंट, म्हणजे कारखान्यात घडवलेला माणूस, एरवी २०-३० प्रश्नांत सापडतो. रेचेल नावाच्या रेप्लिकंटला ओळखायला शंभरावर प्रश्न लागतात. चाचणीचा हेतू एकच, समोरचा माणूस आहे की नाही ते ठरवणं. नव्या चित्रपटाचा नायक के हा ‘ब्लेड रनर’, म्हणजे रेप्लिकंटांना शोधून मारणारा पोलीस; तो स्वतःही रेप्लिकंट आहे हे सुरुवातीलाच उघड आहे. त्याची ‘बेसलाइन’ चाचणी होते ती भलत्याच कारणासाठी: हा माणसासारखा वागायला तर लागला नाही ना? रिकाम्या पांढऱ्या खोलीत तो एकटा बसतो. एक आवाज त्याच्यावर प्रश्नांचा मारा करतो, प्रियजनाचा हात हातात घेतल्यावर कसं वाटतं वगैरे, आणि त्याने फक्त ‘सेल्स’, ‘इंटरलिंक्ड’ हे ठरलेले शब्द तत्काळ परत म्हणायचे. पहिल्यांदा तो सहज पार होतो. दुसऱ्यांदा शब्द तेच, खोली तीच, पण उत्तराआधी श्वासभर उशीर होऊ लागतो. रायन गॉसलिंगने हा सगळा प्रसंग त्या उशिरावर तोलला आहे; चेहरा जवळजवळ हलतच नाही. दोन चाचण्यांमधल्या काळात के-ला काय सापडतं ते इथे सांगत नाही. एका लाकडी घोड्यावर कोरलेल्या तारखेकडे मात्र लक्ष असू द्या.

छायाचित्रण रॉजर डीकिन्सचं. १४व्या नामांकनावर त्यांना पहिलं ऑस्कर मिळालं ते याच कामासाठी. रेप्लिकंट बनवणारा उद्योगपती वॉलेस याच्या इमारतीत खिडक्या जवळपास नाहीतच, तरीही तिथे ऊन फिरताना दिसतं. छताशी वर्तुळात शेकडो दिवे लावून ते क्रमाक्रमाने उजळत-विझत नेले, त्यामुळे सावल्या भिंतीवरून खरोखर सरकतात. काही दालनांत पाण्यावर उजेड पाडून त्याची थरथर भिंतींवर घेतली आहे. लास व्हेगासचा नारिंगी धुरळा २००९मध्ये सिडनीत आलेल्या धुळीच्या वादळाच्या छायाचित्रांवरून सुचला. शहरातल्या मोठमोठ्या इमारतींसाठी वेटा वर्कशॉपने मिनिएचर, म्हणजे छोट्या प्रतिकृती, बनवली, आणि त्यांचं वजन पडद्यावर जाणवतं.

सगळ्यात अवघड प्रसंग आहे जॉयचा. ती केची होलोग्राम सोबतीण आहे; तिला स्पर्श करता येत नाही, म्हणून ती मॅरिएट नावाच्या हाडामांसाच्या बाईवर स्वतःची प्रतिमा बसवते. आना दे आर्मास आणि मॅकेन्झी डेव्हिस यांचा अभिनय वेगवेगळा चित्रित करून एकावर एक चढवला आहे. तो तंतोतंत जुळवलेला नाही, आणि खरी गंमत त्यातच आहे. एकीचा हात केच्या मानेवर पोहोचतो, दुसरीचा किंचित मागून येतो. मध्येच चारही डोळे जुळतात आणि क्षणभर तिसऱ्याच कुणाचा तरी चेहरा दिसतो. इतकी नाजूक तांत्रिक करामत इतक्या दुखऱ्या भावनेसाठी क्वचितच वापरली जाते.

उणिवा आहेत. जॅरेड लेटोचा वॉलेस बोलतो फार आणि करतो कमी. त्याची सहायक लव्ह (सिल्विया हूक्स) त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त भीतिदायक आहे. रेप्लिकंटांच्या बंडाचा धागा उत्तरार्धात येतो आणि तसाच लोंबकळत राहतो. हान्स झिमर आणि बेंजामिन वॉलफिश यांचं संगीत घुमतं जबरदस्त, पण मूळ चित्रपटातल्या व्हँगेलिसच्या सुरांसारखं मनात रेंगाळत नाही. संगीतात जुनाच चित्रपट वरचढ.

पाहण्याआधी मूळ चित्रपट पाहायचाच, आणि तो ‘फायनल कट’ या २००७च्या स्कॉटने नव्याने संकलित केलेल्या आवृत्तीत. १९८२च्या थिएटर आवृत्तीत निवेदन आणि ओढूनताणून जोडलेला सुखान्त आहे. तो शेवट डोक्यात ठेवून पुढचा भाग पाहिला तर मूळ चित्रपटाचा नायक डेकार्ड याची अवस्था पटत नाही. दोन्ही चित्रपटांमधल्या काळावर तीन लघुपटही आहेत. वेळ कमी असेल तर शिनिचिरो वातानाबेचा ‘ब्लॅक आउट २०२२’ तेवढा पाहा, कारण नव्या कथेत ज्या नष्ट झालेल्या नोंदींचा वारंवार उल्लेख होतो त्या कशा गेल्या हे त्यात कळतं.

घरी पाहताना टीव्हीची थोडी तयारी करावी लागते. ‘व्हिव्हिड’ मोड बंद करून ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ मोड लावा, नाहीतर समुद्राच्या भिंतीजवळची शेवटची मारामारी नुसती काळी दिसते. मोशन स्मूदिंग बंद करा; सेकंदाला २४ फ्रेमच्या चित्रात टीव्ही मधल्या फ्रेम स्वतः घुसडतो आणि सगळं मालिकेसारखं गुळगुळीत होतं. स्ट्रीमिंगचा वेग कमी पडला तर लास व्हेगासच्या धुरळ्यात रंगांचे पट्टे दिसतात, कारण इतक्या हळूहळू बदलणाऱ्या छटा कमी डेटात मावत नाहीत. जमलं तर ४के डिस्कवरच पाहा. आवाजाची पातळी के आणि त्याची अधिकारी जोशी यांच्या संवादांवर बेतून घ्या, पण मोठे-लहान आवाज एकसारखे करणारा नाइट मोड लावू नका. त्याने भिंत हादरवणारे खर्जातले सूर दबतात. आणि खोलीतले दिवे घालवा. सुरुवातीच्या शेतावरच्या धुक्यात राखाडीच्या ज्या असंख्य छटा आहेत, त्या काचेवर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पडलं की दिसत नाहीत.