आरचं सर्व्हायव्हल पॅकेज: काम चोख, पण चुकलात तर स्वतःहून सांगणार नाही

कोहॉर्टच्या (म्हणजे काही वर्षं पाठपुरावा केलेल्या लोकांच्या गटाच्या) डेटावरून आजाराचा धोका काढायचा असेल तर आधी आर या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरचं हे पॅकेज वापरून बघा, फुकट आहे आणि आर टाकलं की सोबतच येतं. किती जण किती काळ आजाराविना राहिले ते काढणारी कॅप्लान-मायर पद्धत (१९५८) काय, कशामुळे आजाराचा दर किती पट होतो ते सांगणारं कॉक्स मॉडेल (१९७२) काय, दोन-तीन ओळींत काम होतं.

आता मी कुठे आपटले ते सांगते. वयस्कर लोकांचा कोहॉर्ट होता, आजार व्हायच्या आधीच दुसऱ्या कारणाने गेलेल्यांना मी सरळ सेन्सॉर केलं (म्हणजे त्यांचं पुढे काय झालं ते माहीत नाही असं धरलं) आणि एक वजा कॅप्लान-मायर म्हणजे धोका असं लिहून मोकळी झाले. आकडा चांगलाच फुगला. कागदावर करून बघा: १०० माणसं, पहिल्या वर्षी ४० जण दुसऱ्याच कशाने तरी गेले, उरलेल्या ६० मधल्या ३० जणांना दुसऱ्या वर्षी आजार झाला. म्हणजे शंभरात ३०, धोका ३० टक्के. कॅप्लान-मायर म्हणतं ५०! कारण ते ४० जण असते तर त्यांनाही याच दराने आजार झाला असता असं ते धरून चालतं. अरे पण गेलेल्या माणसाला आता कसला आजार होणार? गंमत म्हणजे उपाय इथेच आहे, स्टेटसचा (कोणाचं शेवटी काय झालं त्याचा) कॉलम फॅक्टर, म्हणजे सेन्सॉर, आजार, दुसऱ्या कारणाने मृत्यू असे वेगळे गट करून द्या (पहिला गट सेन्सॉरचा), की कॅप्लान-मायर काढणारं तेच सर्व्हफिट फंक्शन अशा स्पर्धक कारणांसाठीच्या आलन-योहान्सन पद्धतीने बरोबर ३० काढून देतं. नुसतं शून्य-एक (आजार नाही-झाला) दिलंत तर हूं की चूं न करता ५० हातात ठेवतं.

याच पॅकेजमधलं टी-मर्ज हे फंक्शन पण कामाचं आहे. औषध तिसऱ्या वर्षी सुरू झालं आणि तुम्ही माणसाला पहिल्या दिवसापासून औषधवाल्यांत टाकलं, तर आधीची दोन वर्षं औषधाच्या खात्यात फुकट जमा होतात, तोवर तो जगला म्हणूनच तर औषध सुरू झालं ना! टी-मर्ज डेटातल्या त्याच्या ओळीचे औषधाआधी आणि औषधानंतर असे तुकडे पाडून देतं. सिंटॅक्स मात्र डोक्याला ताप, पहिल्यांदा माझा अर्धा दिवस गेला.

आणि कॉक्सचा हॅझर्ड रेशो (दोन गटांतल्या आजाराच्या दरांचं गुणोत्तर) २ आला म्हणून लगेच "धोका दुप्पट" करत सुटू नका, हजारात एकाचे दोन झाले की शंभरात दहाचे वीसेक झाले ते त्यावरून कळत नाही, त्यासाठी मॉडेल परत सर्व्हफिटला द्यावं लागतं.

पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा टी-मर्जच्या सिंटॅक्सचा कापला.