जुन्या टाटा २०७ पिकअपवर फ्लॅट बॉडी: काम दणकट, पण मजुरी किलोवर ठरवू नका

गाडीची मागची बॉडी जिथं बनवून घेतली त्या वेल्डिंगच्या दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण मिस्त्री माणूस चांगला आहे आणि मले पुन्हा त्याच्याच दारात जायचं आहे. यवतमाळ जिल्ह्यातलं एक तालुक्याचं गाव, रोडला लागून टिनाचं शेड, बाहेर दोन ट्रॉल्या आणि एक मोडका रोटावेटर उभा, असं दुकान डोळ्यासमोर आणा, तुमच्याही तालुक्यात सापडेल.

गाडी टाटा २०७ डीआय, २०१० चं मॉडेल, एमएच २९ पासिंग. इंजिन अजून घोड्यासारखं चालते, २९५६ सीसीचं साधं डिझेल इंजिन, गावातला कोणताही मेकॅनिक झोपेत खोलते. पण मागचा हौदा गेला होता. चौदा वर्षं त्यात युरिया, डीएपी, सरकी ढेप, कुटार, संत्र्याचे क्रेट, दोनदा वऱ्हाडी मंडळी, सगळं वाहिलं. युरिया हवेतली ओल ओढते आणि कोपऱ्यात सांडलेला तिथंच पाणी धरून बसते, वरून दिसत नाही पण खालून पत्रा चाळणी होते. एक दिवस ढेपेच्या कट्ट्याचा कोपरा पत्र्यातून खाली लोंबला तवा बाबा म्हणाले, "दे ते भंगारात आन् बंडीवानी (बैलगाडीसारखी) सपाट बनवून घे, तिन्हीकडून माल तं काढता येते."

बाबांचं बरोबर होतं. हौद्यात चाकाच्या वरचे ते दोन उंचवटे निम्मी जागा खातात आणि हमालाले मागूनच चढावं लागते. सपाट बॉडी चाकाच्या वरून जाते, तिन्ही फाळके, म्हणजे बिजागरीवरच्या बाजू, खाली सोडले की गाडी ओट्याला कशीही लावा.

तर मागच्या ऑगस्टात गेलो. मिस्त्रीनं फुटपट्टीसारखी नजर फिरवली, साडेआठ बाय साडेपाच फूट, वर ३ एमएमची चेकर शीट (नक्षी उठलेला पत्रा), तीन फाळके, केबिनमागं जाळी. लोखंड ६८ रुपये किलो आणि मजुरी २८ रुपये किलो, म्हणजे ९६ रुपयांनी तयार माल. मी विचारलं किती भरेल, तर म्हणते "भाऊ, अडीचशे किलोच्या वर नाई जात, लिहून घ्या." २४ हजार झाले. यू बोल्ट, रंग, लाईट वेगळं. मी खुश, हो म्हणून टाकलं.

इथंच फसलो. मजुरी किलोवर असली की मिस्त्रीचा फायदा जड बनवण्यात आणि आपला फायदा हलकं बनवण्यात, आणि वेल्डिंगचा होल्डर त्याच्या हातात. निंदण आपण उक्तं, म्हणजे पूर्ण कामाचा एकच भाव ठरवून देतो ना, मग बॉडी काऊन नाही दिली, असं घरी आल्यावर बायकोनं विचारलं तवा डोक्यात उजेड पडला पण तोवर ॲडव्हान्स देऊन झाला होता.

सांगितले सहा दिवस, लागले एकोणीस. मध्ये पोळा आला, मग पोळ्याची कर, मग लाईट गेली, मग ग्राइंडरचा आर्मेचर जळला. यातलं निम्मं खरं असेल. पण त्या एकोणीस दिवसांत मी आठ-नऊ वेळा जाऊन स्टुलावर बसलो म्हणून काम पाहता आलं, आणि सांगतो, वेल्डिंग एक नंबर. रॉड ओला असला की बाजूला ठेवायचा, प्रत्येक टाका मारला की चिपिंग हातोड्यानं वरची कवच झाडायची, खाली भोक दिसलं तर ग्राइंडर मारून पुन्हा. शीट लावताना त्यानं सलग वेल्डिंग नाही केलं, दोन इंच टाका, सहा इंच सोड, मग पलीकडच्या कोपऱ्यात टाका, असं उड्या मारत. मी म्हटलं पूर्ण मारा ना, तर हसला, "सारखं मारलं तं शीट पापडावानी फुगते भाऊ." आता दहा महिने झाले, शीट कुठंही उठली नाही.

आता खरी गोष्ट खालची आहे, जी कोणी पाहत नाही. लोकं शीटची जाडी विचारतात, रंग विचारतात, पण बॉडी चेसिसवर, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्यावर, कशी बसली ते विचारत नाहीत. पहिल्या दिवशी मिस्त्रीचा पोरगा सरळ होल्डर घेऊन चेसिसला टाका मारायला निघाला होता. मी ओरडलो. चेसिस ही खड्ड्यात पिळते, एक चाक वर एक चाक खाली, आणि तिले पिळू द्यावंच लागते. वर कडक बॉडी वेल्ड करून टाकली की सगळा ताण त्या टाक्याच्या कडेला येतो, वेल्डच्या गरमीनं तिथलं लोखंड आधीच बदललेलं असते, मग तिथूनच बारीक भेग सुटते आणि बहुतेक वेळा केबिनच्या जरा मागं. चेसिसच्या वरच्या-खालच्या पट्टीला भोकं पाडणंही तसंच वाईट, पाडायचीच तर मधल्या उभ्या भागात.

मोठ्या मिस्त्रीले हे माहीत होतं, पोरावर खेकसला. मग त्यानं जे केलं ते मात्र मनापासून आवडलं. चेसिसवर दोन्ही बाजूनं आधी १०० एमएमचे लांब चॅनल (सी आकाराचे लोखंडी बार), त्याचं केबिनकडचं टोक तिरपं कापलं म्हणजे भार एकाच जागी टोचत नाही. चॅनल आणि चेसिसच्या मध्ये लाकडाची पट्टी. बाभळीची मागवणार होता, पण आमच्या घरी जुन्या बंडीचं तिवसाचं लाकूड पडून होतं, आजोबांच्या काळचं, तेच रंधा मारून दिलं, लोखंडासारखं टणक. बाबा स्वतः येऊन उभे राहिले ते चिरताना. वरून १६ एमएमचे यू बोल्ट, डबल नट. आणि सी आकाराच्या चेसिसवर यू बोल्ट करकचून आवळला तर पट्ट्या आत दबतात, म्हणून चेसिसच्या पोटात प्रत्येक बोल्टापाशी लाकडाचा ठोकळा, फक्त सायलेन्सरच्या बाजूला लाकूड न टाकता लोखंडी पाइपचा तुकडा, नाहीतर एखाद दिवशी धूर निघाला असता. हे मी सांगितलं नव्हतं, त्यानं आपल्या मनानं केलं. वेल्डिंगआधी बॅटरीची वायर काढली, टाकीवर ओलं पोतं टाकलं. यासाठी पूर्ण मार्क.

पहिल्या भरलेल्या फेरीनंतर सगळे नट अर्धा-अर्धा आटा आवळले गेले, लाकूड बसते ना, त्यामुळे ते ज्याचं त्यानं करायचंच.

बॉडी दीड फूट मागं वाढवू का, असंही त्यानं विचारलं होतं, तुषार संचाचे पाइप बसतील म्हणून. मी नाही म्हटलं. एक तर ते पाइप वीस फुटाचे, दीड फुटानं काय होते, ते केबिनच्या जाळीवर तिरपेच टाकावे लागतात. दुसरं, मागच्या ॲक्सलच्या पलीकडे वजन गेलं की पुढचं टोक हलकं होते आणि स्टिअरिंग हातात तरंगते. वर नियमही आहे, मागं निघालेला भाग व्हीलबेसच्या (पुढच्या-मागच्या ॲक्सलमधल्या अंतराच्या) ६० टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही.

आरटीओचं विचारलं तर म्हणते "कोण पाह्यते भाऊ, सगळे असेच फिरून राह्यले." फिरतात हे खरं. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर लिहिलेल्या गोष्टी बदलतील असा फेरफार परवानगीशिवाय करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनं आलेल्या १८२अ मध्ये अशा प्रत्येक फेरफाराला ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीचं फिटनेस दरवर्षी असते, तिथं उभं राहून वाद घालण्यापेक्षा मी आधीच यवतमाळला अर्ज दिला आणि बॉडी झाल्यावर गाडी नेऊन दाखवली. रिफ्लेक्टर टेप पुढं पांढरी, बाजूला पिवळी, मागं लाल, ती मिस्त्रीनं उलटसुलट लावली होती, यवतमाळला जायच्या आदल्या रात्री अंगणात टॉर्च धरून सोलून पुन्हा लावली.

आता वजन. घ्यायच्या दिवशी गाडी जिनिंगच्या काट्यावर नेली. हौदा काढल्यावर रिकाम्या चेसिसचं वजन मी आधीच करून ठेवलं होतं, त्या पावतीतून फरक काढला तर ३९० किलो. अडीचशे म्हणाला होता! ३७ हजार ४४० रुपये. रंग, बोल्ट, लाईटचे साडेसात हजार धरून ४५ च्या घरात गेलं. जुना हौदा भंगारात २१० किलो भरला, तीस रुपयांनी ६३०० आले तेवढाच आधार.

मी हिशेब मांडायला बसलो. शीट साधारण ११० किलो, ती ठीक. पण आडवे चॅनल सात टाकलेले, ७५ एमएमचे, एकटेच ८० किलोच्या वर. वर पुन्हा चारी बाजूनं तोच चॅनल फिरवला, तिथं ५० चा अँगल चालला असता. फाळक्यांची फ्रेमसुद्धा अशी की ट्रॅक्टर ट्रॉलीले शोभेल. विचारलं तर म्हणते "मजबूत पाह्यजे ना, उद्या तुमीच म्हणसान." पैसे तर गेले ते गेले, पण गाडीचं एकूण पासिंग वजन आरसीवर ठरलेलं असते, बॉडी जड झाली की तेवढा माल कमी. जुन्या हौद्यापेक्षा १८० किलो जास्त, म्हणजे सोयाबीनचे साठ किलोचे तीन कट्टे कायमचे गाडीवर बसलेले, भाडं न देता, जन्मभर. आणि ओव्हरलोड सापडली तर दंड २० हजारापासून सुरू होते, ते वेगळं.

घासाघीस करून त्यानं दीड हजार सोडले आणि चहा पाजला.

बाकीच्या तक्रारी लहान आहेत पण रोज टोचतात. फाळक्याच्या बिजागरीपाशी ग्राइंडर नीट फिरवला नाही, पहिल्याच सोयाबीनच्या खेपेला दोन कट्टे आणि नवी ताडपत्री फाटली, मग कानस घेऊन मीच बसलो. पाणी निघायला कोपऱ्यात भोकं पाडा म्हणून तीनदा सांगावं लागलं. खालून रेड ऑक्साईड मारलं, पण जिथं वेल्डिंग जळालं होतं तिथं न घासता, या पावसाळ्यात तिथं गंज दिसू राहिला.

लाईटची गंमत ऐका. रात्री दारव्ह्याकडून येताना मागचा ट्रकवाला डिपर मारू राहिला, थांबून पाहिलं तर ब्रेक दाबला की मागचे लाईट मंद व्हायचे आणि इंडिकेटर लुकलुकायचा. अर्थिंग! वायरिंगवाल्या पोरानं अर्थची वायर ताज्या रंगावरच स्क्रूनं कसली होती. रंगातून करंट कसा जाईल बाप्पा. पॉलिश पेपरनं रुपयाएवढी जागा चकचकीत घासली, स्क्रू पुन्हा कसला, झालं.

वापरायला कशी आहे ते आता. सोयाबीनमध्ये वीस कट्टे भरायला पहिले अर्धा तास लागायचा, आता दोघं जण पंधरा मिनिटात मोकळे. कापसासाठी कडेला पाइपाची सॉकेटं करून घेतली होती, त्यात उभे पाइप टाकून जाळी बांधली की कापूस वरपर्यंत चढते, जिनिंगमध्ये फाळका पाडला की आपोआप घरंगळते आणि शेवटी झाडूनं एक बोंडही मागं राहत नाही. मिरगाच्या चिखलात काळी माती चाकावर गोळा होऊन वरच्या आडव्या चॅनलले घासते, कारण लाकडाची पट्टी अजून एक इंच जाड हवी होती, हे आमच्या दोघांच्याही लक्षात आलं नाही.

आणि मे महिन्यात शीट तापते, बम तापते. पारा ४५ च्या वर गेला तवा अनवाणी हमालानं एक पाय ठेवला आणि जे काही बोलला ते इथं लिहिता येत नाही. तेव्हापासून दोन जुनी पोती गाडीतच असतात. पुन्हा करायची झाली तर वर सागाच्या पाट्या टाकीन, बैलाचा पायही त्यावर घसरत नाही.

मार्क द्यायचे तर वेल्डिंग आणि फिटिंगले पाचपैकी पाच, फिनिशिंगले दोन, तारखेले शून्य. जा जरूर, पण कागदावर चॅनलचे नग आणि साइज लिहून उक्ता भाव ठरवूनच जा, आणि काम चालू असताना स्टूल सोडू नका.

एक राहिलंच. बॉडी कडेला पाच इंच बाहेर आली, त्यामुळे डिझेलच्या झाकणावर तिची सावली पडते आणि पंपावरची नळी आत तिरपी शिरतच नाही. मिस्त्री म्हणाला नळकांडं बाहेर काढून देतो, सोमवारी या. असे चार सोमवार मी जाऊन आलो. आता आमची गाडी दिसली की पंपावरचा पोरगा आपणहून नरसाळं घेऊन येते.