प्लास्टर की फोम, भुरभुर की उभं गवत: मॉडेल रेल्वेच्या देखाव्यासाठी काय निवडावं?

रूळ अंथरून झाले, वायरिंग झालं, गाडी रुळावरून न उतरता फेऱ्या मारायला लागली, की उघडं प्लायवूड डोळ्यांना खुपायला लागतं. मग डोंगर, माती, गवत, झाडं, पाणी यांची पाळी येते. यातल्या प्रत्येकासाठी दोन-तीन पद्धती आहेत आणि प्रत्येकीचे कट्टर समर्थक आहेत. नवीन माणूस अडतो तो इथेच, कारण ज्याला विचारावं तो आपलीच पद्धत एकमेव म्हणून सांगतो.

माझं मत आधी सांगतो. ‘सगळ्यात खरं काय दिसतं?’ या प्रश्नाने निवड होत नाही. नीट रंगवलेला प्लास्टरचा कडा आणि नीट रंगवलेला फोमचा कडा हातभर अंतरावरून वेगळे ओळखता येत नाहीत. विचारायचं ते हे: लेआउट, म्हणजे रूळ आणि देखाव्यासकट तो सगळा बोर्ड, कधी हलवावा लागणार आहे का, तो किती जवळून पाहिला जाणार, आणि काम करायच्या खोलीत किती पसारा चालेल. यांची उत्तरं तयार असतील तर निम्मे वाद आपोआप मिटतात.

डोंगराचा सांगाडा: प्लास्टर विरुद्ध फोम

प्लास्टरची पद्धत जुनी आहे. पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची जाळी विणायची किंवा चुरगळलेल्या कागदाचे ढीग रचायचे, आणि त्यावर प्लास्टरमध्ये बुडवलेला टिपकागद किंवा प्लास्टर लावलेली कापडी पट्टी पसरायची. वाळलं की वर कवच उरतं आणि आत पोकळी. मॉडेल रेल्वेच्या मासिकाचे अमेरिकन संपादक लिन वेस्टकॉट यांनी कडक प्लास्टरच्या पातळ कवचाची ही रीत लोकप्रिय केली. कॅलिफोर्नियात माँटेरे इथे जॉन ॲलन यांनी घरच्या लेआउटवर जमिनीपासून छतापर्यंत चढणारे प्लास्टरचे डोंगर उभे केले होते. १९७३ मध्ये ते गेले आणि पाठोपाठ लागलेल्या आगीत तो लेआउटही गेला, पण त्याचे फोटो आजही या छंदातले लोक समोर ठेवून काम करतात.

फोम म्हणजे इथे एक्सट्रुडेड पॉलिस्टायरिन, तो निळा किंवा गुलाबी घट्ट पत्रा. दाण्यादाण्यांचं पांढरं थर्माकोल वेगळं. तेही चालतं, पण कापताना दाणे सुटतात आणि धारदार कडा निघत नाही. एक्सट्रुडेड फोमचे थर एकावर एक चिकटवायचे, सुरीने आणि कानशीने आकार द्यायचा, की डोंगर तयार.

वजनात तुलनाच होत नाही. या फोमचं घनमीटरला वजन साधारण ३० ते ३५ किलो, तर वाळलेलं प्लास्टर हजार किलोच्या पुढे जातं. कवच पातळ असल्यामुळे प्रत्यक्षातला फरक इतका प्रचंड नसतो, पण बोर्ड दोघांनी उचलून जिन्यावरून न्यायचा असेल तेव्हा तो हातांना चांगलाच कळतो. शिवाय प्लास्टर धक्क्याने टवके सोडतं आणि आतला पांढरा रंग उघडा पडतो. म्हणून प्लास्टर कालवतानाच पाण्यात थोडा मातकट रंग घालावा. प्रदर्शनात फिरणाऱ्या किंवा गरजेनुसार कपाटात जाणाऱ्या बोर्डासाठी मी फोमच सुचवेन.

फोमचा आणखी एक मोठा फायदा फारसा बोलला जात नाही. तो खाली खणता येतो. सपाट प्लायवूडवर सगळं फक्त वर चढवता येतं, आणि म्हणून नवख्या लेआउटवर रूळ नेहमी सपाट माळावर आणि डोंगर त्याच्या वर असं दिसतं. खरा रेल्वेमार्ग भरावावरून जातो, ओढा ओलांडतो, बाजूने चर असतो. पाच सेंटिमीटर जाडीचा फोम बेसबोर्डवर, म्हणजे तळाच्या प्लायवूडवर, टाकून त्यावर रूळ घेतले, की हवा तिथे ओढा कोरता येतो. एवढ्या एका गोष्टीने देखाव्याचा सपाटपणा मोडतो.

आता फोमच्या अडचणी. त्याची धूळ स्थिर विजेने अंगाला, कपड्यांना, रुळांना चिकटते, त्यामुळे व्हॅक्यूम क्लीनर शेजारीच हवा. गरम तारेने कापलं तर धूळ होत नाही, पण निघणारा धूर अपायकारक असतो. खिडक्या उघड्या ठेवूनच ते काम करावं. सॉल्व्हंट असलेला गोंद आणि बहुतेक स्प्रे पेंट फोम खाऊन टाकतात. दोन मोठ्या पत्र्यांमध्ये पांढरा गोंद लावला तर आत हवा पोचत नाही आणि तो दिवसेंदिवस ओला राहतो, म्हणून फोमसाठीचा गोंद किंवा ॲक्रिलिक सीलंट वापरावं. रूळ थेट फोमवर असतील तर गाडीचा आवाज घुमतो, आणि गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे सांधे हलवायच्या मोटारी खालून बसवणं जाड फोममुळे अवघड होतं.

प्लास्टर जिथे खरोखर जिंकतं ते म्हणजे खडक. लेटेक्सच्या साच्यात पातळ प्लास्टर ओतायचं, ते दाटसर झालं की साच्यासकट डोंगराच्या उतारावर दाबून धरायचं. प्लास्टर घट्ट होताना तापतं. तळहाताला साचा कोमट लागला की समजावं, सोडवायची वेळ झाली. साचा सोलून काढला की प्रत्येक भेग, प्रत्येक पापुद्रा उमटलेला असतो. दोन ठशांच्या मधली फट ओल्या प्लास्टरने भरून सुरीने चार रेघा ओढल्या की सांधा दिसत नाही.

रंग चढवतानाही प्लास्टर साथ देतं, कारण ते शोषून घेतं. अगदी पातळ केलेल्या पिवळ्या मातीच्या रंगाचे ठिपके इकडेतिकडे टाकायचे, मग तपकिरीचे, आणि शेवटी खूप पातळ काळा रंग वरून सोडायचा. तो भेगांत उतरतो आणि खडकाला खोली येते. फोम काही शोषत नाही, हा पातळ रंग त्यावरून थेंब होऊन ओघळतो. आधी इमल्शनचा जाड हात द्यावा लागतो, तरीही तो परिणाम पूर्ण येत नाही.

प्लास्टर कालवताना भुकटी पाण्यात टाकावी, पाणी भुकटीत नाही, नाहीतर गुठळ्या होतात. भांड्यात जुन्या प्लास्टरचे कण राहिले असतील तर नवं मिश्रण फार लवकर आवळतं. आणि उरलेलं प्लास्टर मोरीत कधीही ओतू नये, ते पाण्याखालीसुद्धा घट्ट होतं.

बोगदा करणार असाल तर एक गोष्ट इथेच ठरवा: गाडी आत घसरली तर हात कुठून घालणार? पुठ्ठ्याच्या जाळीवरचा डोंगर मुळातच पोकळ असतो, खालून सहज हात जातो. फोमचा डोंगर भरीव होतो, तो आतून पोखरावा लागतो किंवा वरचा भाग झाकणासारखा उचलता येईल असा करावा लागतो. हलणार नसलेल्या मोठ्या लेआउटवर, जिथे रूळ डोंगराच्या पोटातून जातात, तिथे मी प्लास्टरकडे झुकतो. मधला मार्गही आहे आणि बहुतेकांना तोच मानवतो: गाभा फोमचा, वर प्लास्टरच्या पट्टीचा एक थर, आणि दर्शनी कड्यांना साच्यातले खडक.

माती आणि खडी

पांढरं किंवा निळं काहीही उघडं ठेवू नका, आधी सगळीकडे मातकट रंग द्या. हिरवा नको. गवत विरळ झालं तर खालून माती दिसायला हवी.

वर टाकायला खरी माती की विकतची? खरी माती वाळवून, कीड मरेल इतकी भाजून आणि बारीक चाळणीने चाळून घेतली तर तिच्यासारखा पोत दुसऱ्या कशाला नाही. मात्र तिच्यावरून आधी चुंबक फिरवा. लोहकण असतील तर ते इंजिनाच्या मोटारीकडे ओढले जातात आणि गिअरमध्ये अडकतात. शिवाय गोंद लागला की माती गडद होते, म्हणून फिकट रंगाची निवडावी.

रुळांखालच्या खडीत दगडी चुरा आणि अक्रोडाच्या टरफलांचा चुरा असे दोन पर्याय असतात. टरफल हलकं, त्यामुळे गोंदाच्या पाण्यात तरंगून जागा सोडतं. दगड जागेवर बसून राहतो. माझी निवड दगडच. आकाराकडे मात्र लक्ष हवं. खऱ्या मार्गावरची खडी साधारण ३० ते ६० मिलिमीटरची धरली तर एचओ स्केलमध्ये, म्हणजे खऱ्याच्या १:८७ आकारात, ती ०.३५ ते ०.७ मिलिमीटर होते आणि एन म्हणजे १:१६० मध्ये ०.२ ते ०.४. पाकिटावर आपल्या स्केलचं नाव असूनही दाणे याहून मोठे निघाले तर एक क्रमांक बारीक घ्यावी. ब्रशने पसरून स्लीपरवरचे दाणे झाडावेत, भांड्याच्या साबणाचा थेंब घातलेलं पाणी फवारावं आणि मग पातळ केलेला पांढरा गोंद ड्रॉपरने सोडावा. आधी ओलं केलं नाही तर गोंद थेंब होऊन दाण्यांचे गोळे करतो. रुळांच्या सांध्याच्या हलत्या पात्यांजवळ गोंद जाऊ देऊ नका.

गवत: भुरभुरायचं की उभं करायचं?

स्पंजचा रंगीत चुरा गोंदावर भुरभुरणं सर्वांत सोपं. यंत्र लागत नाही, चुकलं तर वरून दुसरा रंग टाकता येतो. पण त्याचा पोत शेवाळासारखा दिसतो, गवताची पात उभी राहत नाही.

स्टॅटिक ग्रास म्हणजे नायलॉनचे बारीक तंतू. हातातल्या यंत्राच्या जाळीला जास्त दाबाचा विद्युतभार मिळतो आणि दुसरी तार ओल्या गोंदात खोचलेल्या खिळ्याला जोडलेली असते. मधल्या विद्युतक्षेत्रात तंतू क्षेत्राच्या दिशेने वळतात आणि गोंदात टोकावर उभे रुततात. जाळी गोंदापासून दोन-तीन सेंटिमीटरवर धरली तर ते चांगले उभे राहतात. गोंद वाळू लागला असेल किंवा खिळा लांब असेल तर आडवे पडतात. हे करताना इंजिनं लेआउटवरून काढून ठेवावीत आणि गाडी चालवायचा कंट्रोलर सोडवून ठेवावा.

तंतूंची लांबी निवडताना गुणाकार करून पाहा. एचओमध्ये २ मिलिमीटर म्हणजे खऱ्या जगातले १७ सेंटिमीटर, ४ म्हणजे ३५, ६ म्हणजे ५२, आणि १२ मिलिमीटर घेतलं तर गवत मीटरभराहून उंच. एनमध्ये २ मिलिमीटरच ३२ सेंटिमीटर होतात. रुळाकडेला, पायवाटेशेजारी २ मिलिमीटर पुरे. ४ आणि ६ चं मिश्रण मोकळ्या माळासाठी घ्यावं. एकाच रंगाचं, एकाच लांबीचं गवत टाकलं की ते गालिचा वाटतं. हिरव्यात निम्म्यापर्यंत वाळलेला पिवळा मिसळला, पहिल्या थरावर गोंद फवारून जागोजाग दुसरा थर चढवला, की माळ जिवंत होतो. न चिकटलेले तंतू व्हॅक्यूमच्या नळीला पातळ मोजा बांधून परत गोळा करता येतात.

यंत्र घ्यावं का? एचओ किंवा त्याहून मोठं स्केल असेल आणि लेआउटची कड डोळ्यांच्या उंचीजवळ असेल तर नक्की घ्यावं, इतका फरक दुसरी कुठलीही एक वस्तू पाडत नाही. एन स्केलचा, मीटरभरावरून आणि वरून पाहिला जाणारा लेआउट असेल तर चुऱ्यावर काम भागतं. तिथे पुढच्या कडेला थोडे तयार झुबके चिकटवावेत आणि वाचलेला वेळ झाडांना द्यावा.

झाडं

तयार झाडं घेतली की ती बहुधा बुटकी निघतात. २० मीटरचं झाड एचओमध्ये २३ सेंटिमीटर आणि एनमध्ये साडेबारा सेंटिमीटर भरतं. बहुतेक लेआउटवर इतकी उंच झाडं नसतात आणि म्हणून डबे झाडांपेक्षा भारी वाटतात.

तारा पिळून केलेलं झाड सर्वांत देखणं. बारीक तारांची जुडी घ्यायची, खाली खोड पिळायचं, वर फांद्या फोडत जायचं, सांध्यांवर गोंद-प्लास्टरचा लेप द्यायचा, मग पालवी. एका झाडाला संध्याकाळ जाते. वाळवलेल्या फांदीदार वनस्पती, ज्या सीफोम नावाने मिळतात, त्या फवारून पानांच्या चुऱ्यात बुडवल्या की थोड्या वेळात राई उभी राहते, पण त्या ठिसूळ असतात. म्हणून पाहणाऱ्यापासून हातभर अंतरात तारांची मोजकी झाडं लावावीत, मागे सीफोमची गर्दी, आणि अगदी पाठीमागे पडद्याला टेकून नुसते झुडपांचे गोळे. इंग्लंडमधल्या पेंडन म्युझियममध्ये १:७६ चा ग्रामीण देखावा अगदी जवळून न्याहाळता येतो, तिथे प्रत्येक गोष्ट हाताने केलेली असणं समजण्यासारखं आहे. घरच्या लेआउटवर मागच्या रांगेतल्या झाडासाठी तेवढा वेळ देण्याची गरज नाही.

पाणी

हॅम्बुर्गच्या मिनियातूर वुंडरलँड या मॉडेल रेल्वेच्या प्रदर्शनात स्कँडिनेव्हिया विभागात खऱ्या पाण्यावर जहाजं चालतात, पण पाण्याचा थेंब आणि लाट छोट्या करता येत नाहीत. घरी खऱ्या पाण्याचा विचार सोडून द्यावा.

ओतून घट्ट होणारं इपॉक्सी रेझिन की ब्रशने लावायचं चकचकीत ग्लॉस मीडियम? रेझिन खोल, स्थिर पाण्यासाठी: विहीर, तळं, बंदर. ते सुईएवढ्या भोकातूनही गळतं, म्हणून पात्र आधी सील करावं. एकदम जाड ओतलं तर तापतं आणि तडकू शकतं, म्हणून थरांत ओतावं, आणि घट्ट होईपर्यंत वर झाकण ठेवावं, नाहीतर धूळ कायमची आत बसते. काठाशी ते वर चढतं, तिथे नंतर वाळू किंवा गवत लावून ती रेघ झाकावी.

उथळ ओढ्याला रेझिनची गरजच नाही. तळ मधोमध गडद आणि काठाकडे फिकट रंगवायचा, वर ग्लॉसचे चार-पाच हात, प्रत्येक हात पूर्ण वाळू देऊन. खोलीचा भास रंगच देतो. प्रवाहाला उतार असेल तर निवडीचा प्रश्नच उरत नाही: रेझिन आपली पातळी शोधत खालच्या टोकाला जमा होतं, तिथे दाट ॲक्रिलिक जेल ब्रशने थोपटून लाटा उठवाव्यात आणि दगडाला पाणी आपटतं तिथेच तेवढा पांढऱ्याचा कोरडा ब्रश फिरवावा.