प्रदर्शनातलं गुलाबाचं मायसेलर वॉटर घेण्याआधी हे वाचा

दिवाळीच्या तोंडावर पुण्यात हॉलहॉलमधून प्रदर्शनं लागतात, म्हणून आत्ताच सांगते. कोथरूडच्या अशाच एका प्रदर्शनात मेकअप काढायचं गुलाबाचं मायसेलर वॉटर घेतलं आणि ते लेकीच्या डोळ्यांवर बेतलं.

विकणाऱ्याने हातोटी चांगली बसवली होती. "ताई, हात द्या जरा," म्हणायचं, मनगटावर काजळाची रेघ ओढायची, ओला कापूस फिरवायचा, रेघ गायब. गुलाबी बाटली, वर परदेशी कंपनीचं नाव. छापील किंमत ११५० रुपये, "प्रदर्शनापुरती" ४५०. बायकांची झुंबड उडाली होती.

मनगटावरच्या त्या प्रयोगाने काहीच सिद्ध होत नाही. ताजं काजळ स्पिरिटनेही निघतं, शाम्पूच्या पाण्यानेही. खऱ्या मायसेलर वॉटरमध्ये सौम्य सफाईद्रव्याचे रेणू एकत्र येऊन डोळ्यांना न दिसणारे गोळे करतात. त्यांची आतली बाजू तेलाला धरते, बाहेरची पाण्याला. मेकअपमधला तेलकटपणा त्या गोळ्यांत ओढला जातो, म्हणूनच चोळावं लागत नाही. भिजवलेला कापूस मिटल्या पापणीवर थोडा वेळ ठेवायचा आणि हलक्या हाताने खाली ओढायचा.

लेकीचा कथकचा कार्यक्रम होता. डोळे काजळ-आयलायनरने भरलेले. घरी आल्यावर मी तसाच कापूस ठेवला आणि ती किंचाळली. लगेच पाण्याने डोळे धुतले, तरी सकाळी पापण्या लाल होऊन सुजल्या होत्या. डॉक्टरांनी बाटली हुंगली आणि "हे पुन्हा चेहऱ्याजवळ नेऊ नका" एवढंच म्हणाले. अत्तरासारख्या उग्र वासाखाली इंजेक्शनआधी लावतात त्या स्पिरिटचा वास येत होता. तळहातावर थेंब घेतला तर एकदम गार लागला आणि बघता बघता उडून गेला.

मग बाटली दिव्याखाली धरली. लेबलचा कोपरा नखाने उचकटला तर खाली दुसरंच लेबल, कुठल्याशा टोनरचं. मुदतीची तारीख अंगठ्याने पुसली गेली. बॅच नंबर नाही. झाकणाखाली सील नाही, वरून नुसतं प्लास्टिक चढवलेलं. परदेशी सौंदर्यप्रसाधनावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि नोंदणी प्रमाणपत्राचा क्रमांक छापलेला असावाच लागतो. २०२० च्या कॉस्मेटिक्स रूल्सप्रमाणे ते बंधनकारक आहे. इथे त्यातलं काहीही नव्हतं.

पावती कच्ची, तिच्यावरचा फोन बंद. आयोजक म्हणाले, "आम्ही फक्त टेबल भाड्याने देतो." या उत्तराचा मला विकणाऱ्यापेक्षा जास्त राग आला. बायका प्रदर्शनाच्या नावावर विश्वास टाकून येतात, टेबलाच्या नव्हे.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवली आहे आणि बाटलीच्या फोटोंसकट अन्न व औषध प्रशासनाकडे अर्ज दिला आहे. लेकीचे डोळे आता बरे आहेत. मेकअप काढायला सध्या खोबरेल तेल वापरतो, वॉटरप्रूफ काजळही त्याने सुटतं.

तुमच्याकडे अशी दुहेरी लेबलची गुलाबी बाटली असेल तर ती मोरीत ओतून देऊ नका. झाकण घट्ट लावा, पावती सोबत ठेवा आणि तुम्हीही तक्रार नोंदवा. एकटीच्या अर्जापेक्षा चार जणींच्या अर्जांची दखल लवकर घेतली जाईल.