पाच नामांकने आणि किल्केनीचे कार्टून सलून

आयर्लंडमधील किल्केनी येथील कार्टून सलून या ॲनिमेशन स्टुडिओला ऑस्करची पाच नामांकने मिळाली, पण पुरस्कार एकदाही मिळाला नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत भाचरे गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंज तालुक्यातल्या आमच्या घरी आली, तेव्हा नामांकन मिळालेले त्यांचे चारही मोठे चित्रपट मी ओळीने पाहिले. त्यांपैकी काही मुलांसोबत पाहिले. नामांकन म्हणजे हुकलेले बक्षीस, असे मी आजवर समजत आलो होतो. हे चित्रपट पाहिल्यावर तो समज मला बदलावा लागला.

आधी हिशेब मांडतो. टॉम मूर, नोरा टूमी आणि पॉल यंग यांनी १९९९ मध्ये हा स्टुडिओ सुरू केला. ‘द सीक्रेट ऑफ केल्स’ला २०१० च्या सोहळ्यात नामांकन मिळाले आणि पुरस्कार ‘अप’ला गेला. २०१५ मध्ये ‘साँग ऑफ द सी’ होता, तेव्हा ‘बिग हीरो ६’ जिंकला. २०१८ मध्ये ‘द ब्रेडविनर’समोर ‘कोको’ होता, तर २०२१ मध्ये ‘वुल्फवॉकर्स’समोर ‘सोल’. मधल्या काळात, २०१९ मध्ये, ‘लेट आफ्टरनून’ हा लघुपट ‘बाओ’समोर हरला. यांतले चार विजेते पिक्सारचे आणि एक डिस्नेचा, आणि २००६ पासून पिक्सारही डिस्नेच्याच मालकीचे आहे. म्हणजे जेमतेम २७ हजार वस्तीच्या, आमच्या देसाईगंजाएवढ्या गावातला हा स्टुडिओ पाचही वेळा एकाच घराण्यापुढे हरला. ऑस्करच्या अंतिम फेरीत, ते देणाऱ्या अकादमी या संस्थेच्या सगळ्या शाखांचे सदस्य मत देऊ शकतात, त्यामुळे त्या वर्षांत ज्याचा चित्रपट अधिक लोकांनी पाहिलेला असे, त्याचे पारडे आपोआप जड होई, असे माझे मत आहे.

जिथे ॲनिमेशन करणारे आणि त्यातले जाणकार निकाल देतात, तिथले चित्र वेगळे आहे. ‘वुल्फवॉकर्स’ने ॲनिमेशन क्षेत्राचे ॲनी पुरस्कार एकाच वर्षी पाच मिळवले आणि त्यांत दिग्दर्शनाचा पुरस्कारही होता. फ्रान्समधील ॲनसी महोत्सवात ‘द ब्रेडविनर’ला परीक्षकांचा आणि प्रेक्षकांचा असे दोन्ही पुरस्कार मिळाले. ‘साँग ऑफ द सी’ २०१५ चा सर्वोत्तम युरोपीय ॲनिमेशनपट ठरला, आणि आयर्लंडच्या स्वतःच्या चित्रपट पुरस्कारांत तर त्याने माणसांनी अभिनय केलेल्या चित्रपटांना मागे टाकून सर्वोत्तम चित्रपटाचा मान घेतला. या स्टुडिओचे मोल ठरवताना मी हीच यादी आधी पाहीन.

चारही चित्रपटांत ‘वुल्फवॉकर्स’ सर्वांत श्रेष्ठ आहे, याविषयी मला शंका नाही. कथा १६५० मधील किल्केनीची, म्हणजे स्टुडिओच्या स्वतःच्याच गावाची आहे. इंग्लंडहून आलेला शिकारी लांडगे मारण्याच्या कामावर आहे, त्याची मुलगी रॉबिन रानातल्या मेव्ह नावाच्या मुलीला भेटते, आणि ही मेव्ह झोपली की लांडगी होते. तटबंदीच्या आतले गाव ठोकळ्यांच्या छपाईसारख्या ताठ, काटकोनी रेषांत काढले आहे. रान मात्र सैल आणि गोलाईच्या रेषांत आहे, आणि तिथे पेन्सिलीच्या कच्च्या खुणा मुद्दाम तशाच ठेवल्या आहेत. माझी आठ वर्षांची भाची पडद्याजवळ सरकली आणि मेव्हच्या केसांवर बोट ठेवून म्हणाली, “मामाजी, या रेघा पुसाच्या राह्यल्या का जी?” मी चित्र थांबवले. मग तिने स्वतःच गावातल्या माणसांच्या कडा तपासल्या आणि तिथे एकही जादा रेघ नाही, हे तिनेच मला दाखवून दिले. दिग्दर्शकांनी मांडलेला अर्थ एका मुलीला कुणीही न सांगता उमगतो, यापेक्षा मोठी पावती मला सुचत नाही.

एका ठिकाणी मात्र माझे या चित्रपटाशी पटत नाही. सुरुवातीच्याच प्रसंगात लांडग्यांच्या हल्ल्यात लाकूडतोड्या जखमी होतो आणि ती जखम जादूने भरून येते. आमच्या ब्रह्मपुरी आणि ताडोबाच्या पट्ट्यात मोहफुले वेचायला किंवा तेंदूपत्ता तोडायला पहाटे रानात गेलेले माणूस वाघाच्या तावडीत सापडले, तर तशी जादू होत नाही. रान तुटू नये असे मलाही मनापासून वाटते, आणि आयर्लंडमधून लांडगा कायमचा संपला याचे दुःख हा चित्रपट फार उत्कटपणे पोहोचवतो. पण रानाच्या कडेला राहणाऱ्या गरिबाचे भय त्याने अज्ञानाच्या खात्यात टाकले आहे आणि ते मला अपुरे वाटते. ज्या मुलाची आई तेंदूपत्त्याला जाते, त्याच्याशी हा चित्रपट दाखवल्यावर थोडे बोलावे लागते.

‘द सीक्रेट ऑफ केल्स’ची चित्रे अप्रतिम आहेत, कथा शेवटाकडे घाईत आटोपते. ‘साँग ऑफ द सी’ आई गमावलेल्या घराची गोष्ट आहे आणि ती संथ असूनही मुले हलली नाहीत. काबूलमधील परवाना या मुलीची कथा सांगणारा, नोरा टूमी यांनी दिग्दर्शित केलेला ‘द ब्रेडविनर’ मी लहानांना दाखवला नाही. बारा वर्षांच्या आतील मुलांसाठी त्यातला धाक जड आहे.

मोठी उणीव भाषेची. यांतला एकही चित्रपट मला मराठीत मिळाला नाही, त्यामुळे प्रत्येक संवाद मला मुलांना सांगत जावे लागले. दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे आमच्याकडच्या गावजत्रेच्या, दिवसांत झाडीपट्टीचे नाटक रात्रभर जागून पाहणारी ही मुले आहेत. लांब गोष्टीला ती कंटाळत नाहीत, पण गोष्ट त्यांच्या कानापर्यंत पोहोचली पाहिजे. ज्यांच्या घरी सांगणारे कुणी असेल, त्यांनी ‘वुल्फवॉकर्स’पासून सुरुवात करावी. तो ॲपल टीव्ही (आधीचे ॲपल टीव्ही प्लस) या सेवेवर आहे, आणि मोबाइलवर न पाहता मिळेल तेवढ्या मोठ्या पडद्यावर पाहावा, कारण मोबाइलवर त्या न पुसलेल्या रेघा दिसत नाहीत.